सोलापुरात बसून इमिग्रेशनची वकिली कशी करायची

माझ्या ऑफिसात आठवड्याला चार-पाच माणसं तरी एकच प्रश्न घेऊन येतात, "मॅडम, व्हिसा काढून देता का?" मी नाही म्हणते. ते उठत नाहीत. इकडेतिकडे बघतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, "तरी पण, किती?"

या दुसऱ्या प्रश्नालाही नाही म्हणता येत असेल तर पुढचं वाचा. नसेल तर सरळ एजंटचं दुकान टाका. पैसा जास्त आहे आणि वकिलीची सनद जायची भीती नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी, शेजारी कानडी. या चार भाषांचा पुढे धंद्यात उपयोग होईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आईने विडीची पानं कापता कापता हसून घेतलं असतं. दयानंद लॉ कॉलेजातून एलएलबी केलं. जिल्हा न्यायालयात उभी राहून आता २२ वर्षं झाली. त्यातली शेवटची १४ वर्षं जवळपास सगळं काम पासपोर्ट, नागरिकत्व, आखाती देशांत अडकलेली माणसं आणि परदेशात आश्रय मागणारी माणसं यांचं. कॉलेजची मुलं इंटर्नशिपला येतात आणि विचारतात की मुंबई-दिल्लीला न जाता हे काम होतं का. होतं. कसं, ते लिहिते.

आधी दोन वर्षं फौजदारी

बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स करा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा, दोन्हीला सीईटी आहे. पास झाल्यावर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद, आणि दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बारची परीक्षा. नोंदणीच्या नावाखाली पूर्वी काही हजार घ्यायचे. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये ते थांबवलं. खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये हीच कायद्यातली फी आहे. कुणी जास्त मागितली तर निकालाची प्रत दाखवा.

मग लगेच "इमिग्रेशन" असा बोर्ड लावू नका. दोन वर्षं फौजदारी वकिलाकडे बसा. परदेशातला सॉलिसिटर, म्हणजे तिकडचा वकील, तुमच्याकडे येतो तो इंग्लंडचा कायदा शिकायला नव्हे. त्याला इथला एफआयआर, पंचनामा, जामिनाचा आदेश, रोजनामा यांतलं काय खरं आणि काय बनावट, हे कळत नसतं म्हणून तो येतो. ते तुम्हाला नक्कल विभागाच्या खिडकीशी ताटकळल्याशिवाय कळणार नाही.

एक उदाहरण देते. मागे एक गृहस्थ मुलासाठी एफआयआरची प्रत घेऊन आले. मुलगा परदेशात आश्रय मागत होता. प्रत छान होती. शिक्का, सही, ठाणे अंमलदाराचा बक्कल नंबर, सगळं जागच्या जागी. घटनेची तारीख सप्टेंबर २०२४. आणि कलम लावलं होतं भारतीय दंड संहितेचं ३०७. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. त्यानंतर घडलेल्या गुन्ह्याला ३०७ लागेल कसं? खुनाच्या प्रयत्नाचं कलम आता १०९. मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "काका, हे कुणी करून दिलं ते मला सांगू नका, पण हे मुलाला पाठवू नका." काका म्हणाले, "अहो, मारलं तर खरंच होतं. पोलिसांनी लिहून घेतलं नाही." हीच गोष्ट जशीच्या तशी आश्रयाच्या अर्जासोबतच्या निवेदनात लिहिली असती तर ती चालली असती. पोलिसांनी नोंद केली नाही हाही एक पुरावाच असतो. खरी मार खाल्लेली माणसं खोट्या कागदापायी हरतात, आणि हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय.

एफआयआर आता ऑनलाइन तपासता येतो. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगितलंय की संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचे. जे तुम्हाला तपासता येतं ते तिकडच्या अधिकाऱ्यालाही येतं, एवढं अशिलाला पहिल्याच भेटीत सांगून टाका.

रोजची भाकरी

आश्रयाच्या केसेस वर्षाला दहा-बाराच. घर चालतं ते इतर कामांवर.

सर्वांत जास्त येतात ते पासपोर्ट अडकलेले. सोलापूर पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतं. फौजदारी खटला प्रलंबित असला की पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) खाली नकार येतो. यावर उपाय म्हणजे २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना, जीएसआर ५७०. ज्या कोर्टात खटला आहे तिथून परवानगी आणायची. नवे वकील इथे एक चूक हमखास करतात. अर्जात "ना हरकत द्यावी" एवढंच मागतात, कोर्टही तेवढंच देतं, आणि अशिलाच्या हातात एका वर्षाचा पासपोर्ट पडतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर वर्षभराचाच मिळेल, असं अधिसूचनेतच आहे. म्हणून प्रार्थनेत, म्हणजे अर्जातल्या मागणीत, स्पष्ट लिहा: "दहा वर्षांच्या मुदतीसाठी." हा एक शब्द मी माझ्या तिसऱ्या केसमध्ये शिकले. दुसऱ्या केसमधला अशील अजून नीट बोलत नाही.

रिट, म्हणजे हायकोर्टात याचिका, करायची वेळ आली तर आता मुंबईला जावं लागत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर फाइल उशाला घेऊन माझी कितीतरी वर्षं गेली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात आला. कोल्हापूरही आपल्याला काही शेजार नाही, पण सांगोला-मिरजेच्या रस्त्याने सकाळी निघून रात्री घरी येता येतं.

दुसरं काम नावांचं. सोलापुरातल्या तेलुगू आडनावांचं स्पेलिंग शाळेच्या मास्तरांनी एक केलं, रेशन कार्डवाल्याने दुसरं, आणि आधारच्या ऑपरेटरने तिसरं. वडिलांचं नाव कुठे पुढे, कुठे मागे, तर कुठे आडनावाचंच पहिलं नाव झालेलं. परदेशातला अधिकारी ही तीन वेगवेगळी माणसं समजतो. जन्मनोंद नसेल तर उशिरा नोंदीचा आदेश लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे मिळायचा, २०२३ च्या दुरुस्तीनंतर महसुलाकडे गेला. म्हणजे आता कोर्टाऐवजी प्रांत आणि तहसील. नाव बदलायचं असेल तर राजपत्र. कंटाळवाणं काम आहे. पण हेच नीट झालं नाही तर पुढची पाच वर्षं माणूस खुलासेच देत बसतो.

परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं ओसीआय कार्ड, परदेशी जोडीदाराची नोंदणी, विवाह नोंदणी, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र खात्याचा शिक्का) ही कामं फॉर्म वाचता येणाऱ्या कुणालाही जमतात. अपोस्टिलबद्दल एवढंच: दुबईला ते चालत नाही, दूतावासाचाच शिक्का लागतो. हे माहीत नसल्यामुळे लोकांचे पैसे आणि महिना दोन्ही जातात.

एजंटने फसवलेले

या कामात पैसा नाही, पण ते सोडू नका. मी या धंद्यात आले तीच अशी. २०११-१२ च्या सुमारास आमच्या गल्लीतली सात मुलं टॉवेलच्या कारखान्यातली नोकरी सोडून आखातात गेली, व्हिजिट व्हिसावर. तिथे पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतले. त्यांच्या आया माझ्या आईकडे आल्या, कारण आईची पोरगी वकील. मला तेव्हा इमिग्रेशन कायद्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

आता जे माहीत आहे ते क्रमाने सांगते. इमिग्रेशन कायदा वेगळा आणि एमिग्रेशन कायदा वेगळा. इथून कामाला बाहेर जाणाऱ्यांचा कायदा आहे १९८३ चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन तपासणी आवश्यक', असं आहे, साधारणपणे दहावी न झालेले, त्यांना १८ देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिराती, मलेशिया वगैरे. आपल्याला मुंबईचं कार्यालय. एजंटकडे परवाना असलाच पाहिजे आणि तो ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येतो. कामगाराकडून तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, पावती देऊन. आमच्याकडे दीड-दीड लाख घेतात आणि पावती मागितली की "विश्वास नाही का?" म्हणतात.

पालक आले की पहिल्या तासात तीन गोष्टी करा. पैसे कसे दिले त्याचा पुरावा काढा: यूपीआय, बँक स्लिप, सोनं गहाण ठेवल्याची चिठ्ठी. एजंटबरोबरचं व्हॉट्सअ‍ॅप एक्स्पोर्ट करून ठेवा, स्क्रीनशॉटवर थांबू नका. आणि परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका म्हणजे दूतावासाकडे नोंद होते. त्यानंतर पोलीस. ठाण्यात हमखास उत्तर मिळतं, "हा तर दिवाणी व्यवहार आहे." फसवणुकीचं कलम आहेच, पण त्याबरोबर एमिग्रेशन कायद्याचं कलम २४ लावायला सांगा. मग म्हणतील, "त्याला केंद्राची मंजुरी लागते." एरवी लागते, पण कलम २७ चं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, वाचून दाखवा. स्वतः कामगाराने, किंवा त्याच्या आई, वडील, नवरा, बायको, भाऊ, बहीण, मुलांपैकी कुणी तक्रार केली तर मंजुरीची गरज नाही. मी या पानाची झेरॉक्स पर्समध्ये ठेवते. शिक्षा दोन वर्षं आणि दंड दोन हजार. दोन हजार! १९८३ साली तो मोठा आकडा असेल.

ती सात मुलं परत आली, पण माझ्यामुळे नाही. त्यांच्यातल्याच एकाने धीर करून दूतावास गाठला. मी इकडे फक्त अर्ज लिहीत होते.

आश्रयाचं निवेदन

आता मूळ काम. आश्रय म्हणजे नोकरीचा व्हिसा नाही, हे दहा वेळा सांगावं लागतं. १९५१ चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार पाच कारणं ओळखतो: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. यांपैकी एखाद्या कारणावरून छळ होईल अशी रास्त भीती असावी आणि आपलं सरकार वाचवू शकत नाही किंवा वाचवत नाही असं असावं. कर्ज झालं, शेत गेलं, भावकीने बांध कोरला, यांतून आश्रय मिळत नाही. मुदतीही कडक. अमेरिकेत पोचल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. इंग्लंडात नकार आल्यावर अपिलाला १४ दिवस.

आणि भारतीयांना हे अवघड जातं, हेही पहिल्याच दिवशी सांगा. ब्रिटनने २०२४ मध्ये भारताचं नाव सुरक्षित देशांच्या यादीत घातलं. शिवाय एक प्रश्न प्रत्येक भारतीयाला विचारला जातोच: तुमच्या गावात धोका आहे, मान्य, पण एवढ्या मोठ्या देशात दुसरीकडे जाऊन का राहत नाही? सोलापूरचा माणूस पुण्यात का नाही राहणार? तो आठवड्यातून दोनदा हुतात्मा एक्स्प्रेसने तिथे जातोच की. या प्रश्नाचं उत्तर अशिलाकडे नसेल तर बाकी सगळं खरं असूनही केस पडते.

सोलापुरातल्या वकिलाचं काम इथे निवेदन तयार करण्याचं. केस तिकडचा वकील चालवतो. मी निवेदन अशिलाच्या भाषेत लिहिते, मग त्याचं इंग्रजी होतं. थेट इंग्रजीत लिहिलं की ते माझं होतं, त्याचं राहत नाही, आणि मुलाखतीत तो वेगळंच बोलतो.

हे मी चूक करून शिकले. मोहोळ तालुक्यातला एक मुलगा होता. आंतरजातीय लग्न केलेलं, स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टची ३० दिवसांची नोटीस लागली तेव्हाच घरी कळलं आणि मार पडला. पुढे दोघं इंग्लंडला गेली. तिथल्या सॉलिसिटरने मला निवेदन करून पाठवायला सांगितलं. मी फोनवर ऐकत इंग्रजीत टाइप केलं. तो म्हणाला, "भावकीतल्या पाच जणांनी मारलं." मी लिहिलं, पाच भावांनी. घाईत. त्याने विमानतळावरच्या पहिल्या मुलाखतीत सांगितलं होतं की त्याला एकच भाऊ आहे. नकाराच्या पत्रात हा मुद्दा क्रमांक एक होता: अर्जदार स्वतःच्या कुटुंबाबद्दलही सुसंगत सांगू शकत नाही.

मी प्रतिज्ञापत्र केलं. भावकी म्हणजे काय, चुलत-चुलत घराण्यांचं एक आडनाव, एक देव, एक बांध, आणि मराठीत चुलत भावालाही नुसतं भाऊच म्हणतात, असं दोन पानं लिहिलं. अपिलात न्यायाधीशांनी त्याचं म्हणणं खरं मानलं. आणि तरी तो हरला, पुण्या-मुंबईच्या प्रश्नावर. खरं ठरूनही हरता येतं, हे त्याला फोनवर समजावून सांगायला मला पाऊण तास लागला.

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे, भाषांतरात फसवणाऱ्या शब्दांची. परवा: गेलेला की येणारा? मामा: आईचा भाऊ की हवालदार? दादा: थोरला भाऊ की गल्लीतला गुंड? दोन्हीही असू शकतात. उचललं: हातांनी की पोलिसांनी? गाववाले, पाव्हणे, मंडळी. "मंडळी" हा शब्द एका निवेदनात "संघटना" झाला होता आणि अधिकारी विचारत होता, तुमची पत्नी कोणत्या संघटनेची सदस्य आहे? तेलुगूचं आणखी वेगळं. आमच्या सोलापूरच्या तेलुगूत निम्मी मराठी आणि चिमूटभर कानडी. हैदराबादचा दुभाषा दिला तर आमचा माणूस लाजून "हो हो" म्हणत राहतो. दुभाषा समजत नसेल तर मुलाखत थांबवून तसं सांगायचा हक्क आहे. हे वाक्य मी प्रत्येकाला त्याच्या भाषेत पाठ करून घेते.

तारखांचं दुसरं दुखणं. माणसाला तारीख आठवत नाही, आठवतो तो सण. "गड्ड्याच्या आधी" (म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या), "हुरड्याला शेतावर गेलो होतो तेव्हा", "आषाढीला वडील पंढरपुरात होते म्हणून घरी कुणी नव्हतं." तिकडच्या अधिकाऱ्याला दिवस-महिना-वर्ष हवं असतं आणि तारीख दोनदा वेगळी आली की तो खोटारडेपणाच समजतो. म्हणून मी जुनी कालनिर्णय जपून ठेवते. आषाढी कोणत्या तारखेला होती, त्या आठवड्यात वार कोणता, हे काढून देते. पण निवेदनात नुसती तारीख घालत नाही. लिहिते: "मला तारीख आठवत नव्हती, ती आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी घडली एवढं नक्की, वकिलांनी दिनदर्शिकेत बघून तारीख सांगितली." ज्याला अंदाजच आहे त्याने अंदाजच सांगावा. "साधारण" हा शब्द लाजिरवाणा नाही. नेमकेपणा उसना घेतला की मुलाखतीत तो फेडावा लागतो.

लिहून झालं की परिच्छेदांना क्रमांक घाला आणि अख्खं निवेदन अशिलाला त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा. वाचून दाखवलं अशी नोंद शेवटी करा. भाषांतरकाराचं नाव, पात्रता, तारीख आणि भाषांतर बिनचूक असल्याचं लेखी निवेदन स्वतंत्र लावा. कायद्याची भाषा घुसवू नका. माझ्या एका ज्युनिअरने विडी कामगार बाईच्या तोंडी "माझ्या मूलभूत हक्कांचे उल्लंघन झाले" असं घातलं होतं. ती बाई "पोरीला शाळेतून काढलं" एवढंच म्हणाली होती. जास्त काय लागतं?

स्टॅम्प पेपरचा आग्रह अशील धरतातच. तिकडे स्टॅम्पला किंमत नाही. सत्यतेचं विधान आणि सही पुरते. पण इथल्या माणसाला स्टॅम्पवर असल्याशिवाय खरं वाटत नाही, आणि आता तर शंभराचा जाऊन पाचशेचा आलाय.

मारहाण, छळ, बाईवरचा अत्याचार असेल तर पहिल्या भेटीत तपशील विचारू नका. दाराजवळची खुर्ची द्या, पाणी ठेवा, कागदपत्रांचंच बोला. बरोबर आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसवा, गोड बोलून. नवऱ्यासमोर बाई एक सांगते आणि एकटी असताना दुसरं. दोन्ही वेळा ती खोटं बोलत नसते. फोनवर असाल तर आधी विचारा, खोलीत अजून कोण आहे. अंगावरच्या खुणांची नोंद डॉक्टरने कशी करावी याचं संयुक्त राष्ट्रांचं मार्गदर्शन आहे, इस्तंबूल प्रोटोकॉल नावाचं. मूळ १९९९ चं, २०२२ ला सुधारलं. इथल्या डॉक्टरांना त्याची छापील प्रत नेऊन द्यावी लागते. "जखम जुनी आहे" एवढ्याऐवजी "सांगितलेल्या कारणाशी सुसंगत आहे" असं त्यांनी लिहिलं तर फरक पडतो, अर्थात त्यांचं तसं मत असेल तरच.

भारतात आश्रय मागणारे

सोलापुरात हे क्वचित. पण येतात तेव्हा पोलिसांनाही काय करायचं ते सुचत नाही, म्हणून तुम्हाला माहीत हवं.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदा नाही. सगळे "परदेशी". १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट २०२५ आला. वैध कागदांशिवाय शिरल्यास पाच वर्षांपर्यंत, मुदतीनंतर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्याच माणसावर, जुन्या कायद्यासारखंच. आधाराला उरतं घटनेचं कलम २१, जे "नागरिक" म्हणत नाही, "व्यक्ती" म्हणतं. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. उलट बाजूला १९५५ चा हान्स मुलरचा निकाल आहे: परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार अनिर्बंध. या दोन निकालांच्या मध्ये जेवढी जागा उरते तेवढ्यात तुम्हाला उभं राहायचं असतं.

दोन तारखांची गल्लत लोक फार करतात. नागरिकत्व दुरुस्ती कायद्यासाठी भारतात येण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०१४. नव्या इमिग्रेशन कायद्याखालच्या सवलतीची तारीख ३१ डिसेंबर २०२४. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून छळामुळे आलेल्या तिथल्या अल्पसंख्याकांना दुसऱ्या तारखेमुळे खटल्यापासून संरक्षण मिळतं, नागरिकत्व मिळत नाही. एका सिंधी कुटुंबाने बातमी वाचून पेढे आणले होते. पेढे घेतले, पण समजावून परत पाठवताना वाईट वाटलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा इथे शिकणारा एक अफगाण विद्यार्थी माझ्याकडे आला होता. व्हिसा संपत आलेला, घरून पैसे बंद. पहिलं काम, ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर मुदतवाढीचा अर्ज, मुदत संपण्याच्या आधी. आधी! एक दिवस उशीर झाला की तो विद्यार्थी राहत नाही, आरोपी होतो. दुसरं, दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात नोंदणी. तिसरं, शहर आयुक्तालयाच्या परदेशी नागरिक कक्षात मी स्वतः त्याला घेऊन गेले आणि अर्जाची पोच दाखवली. तिथल्या हवालदारांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "तिकडं थंडी लय असते का?" त्या मुलाच्या चेहऱ्यावर त्या महिन्यात पहिल्यांदा हसू पाहिलं.

बाहेर जाऊन करायचं असेल

थोडक्यात सांगते, कारण मी केलं नाही. इंग्लंडात सॉलिसिटर व्हायला एसक्यूई परीक्षा, दोन टप्प्यांत. भारतीय वकील बसू शकतो. सॉलिसिटर न होता फक्त इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा असेल तर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीची नोंदणी, तीन पातळ्या, न्यायाधिकरणात उभं राहायला तिसरी. कॅनडात त्यांच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवाना. अमेरिकेत बहुतेक जण एलएलएम करून न्यूयॉर्कची बार देतात. परवान्याशिवाय पैसे घेऊन सल्ला देणं इंग्लंड आणि कॅनडा दोन्हीकडे गुन्हा आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही कायद्यांत तो कलम ९१ मध्येच आहे. म्हणून इथे बसून "तुमचा कॅनडाचा फॉर्म मी भरून देते" असं म्हणू नका. इथले कागद, इथलं निवेदन, इथला कायदा, एवढ्यावर राहा.

पैसे

व्हिसा आला तर पैसे, नाही आला तर नाही, असा सौदा वकिलाला चालत नाही. निकालावर अवलंबून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. एजंटबरोबर टक्केवारीही नाही, बिगरवकिलाशी फी वाटून घेता येत नाही. जाहिरातही नाही. मग काम येतं कसं? माझं बरंचसं काम झेरॉक्सवाल्याकडून आणि मशिदीच्या, मंदिराच्या पायरीवरून आलं. परदेशातल्या सॉलिसिटर लोकांचं एका चांगल्या भाषांतरावरून आलं. एकाने दुसऱ्याला सांगितलं.

पहिल्या भेटीचे मी ५०० घेते, निवेदनाचे कामाच्या तासांवर. आखातात अडकलेल्यांच्या आयांकडून घेत नाही, मग त्या शेंगा चटणी आणून देतात आणि ती मी घेते. पहिली चार वर्षं महिन्याला दहा हजार सुटायचे नाहीत, हे लपवत नाही. मोटार अपघात दाव्यांनी मला जगवलं. तुम्हीही दुसरं काहीतरी हाताशी ठेवा.

फाइल कधी फेकू नका. सात-आठ वर्षांनी तिकडून मेल येतो, पुन्हा सुनावणी लागलीय, ते मूळ मराठी निवेदन आहे का. मूळ मराठीच मागतात. आणि जुनी कालनिर्णय. माझ्याकडे २००६ पासूनची आहेत, २००९ चं सोडून. ते भाड्याच्या ऑफिसात छत गळून भिजलं. तुमच्या घरात कपाटाच्या तळाशी, पत्रावळ्यांच्या किंवा जुन्या चादरींच्या खाली अंथरलेलं २००९ चं सापडलं तर रद्दीत देऊ नका. मला आणून द्या, झेरॉक्स काढून परत करते.